फेस बसेपर्यंत

मुक्या प्राण्याला औषध पाजणाऱ्या माणसावर मोठी जबाबदारी असते. औषध कशासाठी हे त्या प्राण्याला ठाऊक नसते, आणि ते पोटात गेले की नाही हे त्याला सांगता येत नाही. तेथे साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे पाजणारा हात. त्या हाताने खरे सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानावे, एवढ्यावर त्या जिवाचे बरेवाईट अवलंबून असते. खरे सांगूनही ते मानले गेले नाही, तर जो संताप उसळतो त्याला अहंकार म्हणणे अन्यायाचे होईल. बाईंचा संताप असा होता.

बाई विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. ओळखीचे सारे जण त्यांना बाईच म्हणत. घरात तेवढे ‘आई’. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे त्यांच्या कोणत्याही विद्यार्थ्याने सांगितले असते. मात्र तो राग विनाकारण कुणावर निघाला, असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटले नसते.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी एक करडा बोका जिन्याखाली आला आणि घरचा झाला. दिवसभर तो खुर्चीत बसून सर्वांकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहत असे, काम काडीचे करीत नसे, आणि जेवणाला पाच मिनिटे उशीर झाला तर घर डोक्यावर घेत असे. साहजिकच त्याचे नाव हेडमास्तर पडले. ‘तेहतीस वर्षं एका हेडमास्तराचं मी ऐकलं,’ बाई म्हणत, ‘म्हटलं, हा तरी माझं ऐकेल. कसलं काय!’

हा हेडमास्तर एके सकाळी लंगडत घरी आला. दुसऱ्या बोक्याचा दात त्याच्या मागच्या पायात, गुडघ्याच्या जरा वर, खोल रुतला होता. तीन दिवसांत तेथे पू धरला. प्राण्यांच्या दवाखान्यातील डॉक्टर चाळिशीच्या, कामाला वाघ, पण सदैव घाईत. त्यांनी पू काढला, जखम धुतली आणि दहा दिवसांचे पातळ प्रतिजैविक लिहून दिले. ‘सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतरानं. फ्रिजमध्ये ठेवायचं, दर वेळी हलवून द्यायचं. सांध्यात जंतू शिरले तर पाय काढावा लागेल. तेव्हा हयगय नको.’

‘हयगय हा शब्द मी फक्त दुसऱ्यांच्या प्रगतिपुस्तकात लिहिलाय,’ बाई म्हणाल्या.

औषधाची लहानशी बाटली खिडकीतून कंपाउंडरने दिली. बाईंना पाहताच तो उठून उभा राहिला होता. पन्नाशीला टेकलेला, कानशिलांवर पांढरा झालेला हा गृहस्थ एके काळी त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे. हुशारी बेताची, अक्षर मोत्यासारखे, स्वभाव टापटिपीचा. बाटलीवर त्याने त्याच अक्षरात तारीख घातली होती आणि खाली लिहिले होते: अर्धी. ‘लहान जनावराला पूर्ण बाटली लागत नाही, बाई. उरलेलं फेकावं लागतं. म्हणून एकीच्या दोन करतो. वाया जात नाही,’ तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, आणि ते कौतुक त्याला मिळाले.

त्या दिवसापासून बाईंनी डोळ्यांत तेल घालून औषध पाजले. सकाळी आठ आणि रात्री आठ. बाटली वीस अंक मोजून हलवायची. बिनसुईच्या पिचकारीत माप घ्यायचे. हेडमास्तरांना जुन्या टॉवेलात, केवळ मुंडके बाहेर राहील असे गुंडाळायचे. पिचकारीचे टोक समोरून न घालता ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागे सरकवायचे, थोडे सोडायचे, तो गिळेपर्यंत थांबायचे, मग पुन्हा थोडे. नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. पहिल्या दिवशी त्याने फेसाळ लाळ गाळली तेव्हा बाईंनी दवाखान्यात फोन करून विचारलेही होते. त्यानंतर एक थेंब बाहेर आला नाही.

तरीही सहाव्या दिवशी त्याचे अंग तापलेलेच होते आणि जखमेतून पुन्हा पू येऊ लागला होता.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. दार उघडे होते. बाहेरच्या बाकांवर आठ-दहा माणसे बसली होती.

‘आजी, खरं सांगा. किती डोस चुकले?’

‘एकही नाही.’

‘असं होत नाही. या औषधानं तिसऱ्या दिवशी ताप उतरतो.’

बाईंनी पिशवीतून कॅलेंडरचा कागद काढून टेबलावर पसरला. पाच दिवसांच्या दहा खुणा, आणि त्या सकाळची अकरावी.

डॉक्टर हसल्या. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, फक्त दमणूक होती. परंतु काही जखमा दमलेल्या माणसाच्या हातूनच खोल होतात. ‘अहो, खुणा कुणीही करतं. मी रोज बघते ना! मांजर निसटतं, माणूस कंटाळतं, मग खूण करून मोकळं होतं. रागवू नका, पण या वयात विसरायलाही होतं. सूनबाईंना द्यायला सांगा. औषध तेच ठेवू, फक्त नीट पोटात जाऊ दे. दोन दिवसांनी या, आणि बाटली घेऊन या, किती उरलंय ते बघू. ताप राहिला तर पायाचा निर्णय घ्यावा लागेल.’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेहतीस वर्षांत त्यांनी शेकडो मुलांची खोटी कारणे ऐकली होती, आणि शिक्षा करण्यापूर्वी प्रत्येकाला एकदा तरी विचारले होते: पुरावा काय? येथे पुरावा टेबलावर पसरला होता, आणि त्याच्याकडे कुणी खाली मान घालून पाहिलेही नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, आपल्यावर विश्वास नाही म्हणून औषध बदलले जात नाही, आणि औषध बदलत नाही म्हणून या मुक्या जिवाचा पाय जाणार. त्यांच्या अपमानाची किंमत तो देणार होता.

घरी चिरंजीवांनी त्या आगीत तेलच ओतले. ‘आई, एखादा राहिलाही असेल. त्यात एवढं काय?’

‘एखादा राहिला असेल, तर मी खोटी खूण केली असेल. एवढंच काय ते!’

‘तसं कुठं म्हणालो मी?’

‘तसंच म्हणालास. शब्द फक्त गुळगुळीत वापरलेस.’

दोन दिवस सूनबाईंनी औषध पाजले. पहिल्याच वेळी हातावर तीन ओरखडे घेऊन त्या न्हाणीघरात हात धुवायला गेल्या आणि तेथूनच ओरडल्या, ‘आई, तुम्ही हे रोज दोनदा करत होतात?’ मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, ‘आईंचा डोस चुकला असता ना, तर आपल्या दोघांना झोपेतून उठवून सांगितलं असतं त्यांनी. या बाईच्या हातून चूक गुपचूप होतच नाही.’ बाईंना हे आवडले, पण तसे त्यांनी दाखवले नाही. राग अजून अंगात होता, आणि तो अर्ध्यावर सोडण्याची त्यांना सवय नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी हेडमास्तर पाय टेकेनात. बाई पिंजरा, बर्फाच्या डब्यात ठेवलेली बाटली आणि कॅलेंडरचा कागद घेऊन दवाखान्यात गेल्या. नंबर चौदावा होता.

बाकावर शेजारी बसले होते घड्याळजी, बाजारातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक. मांडीवर एक चिमुकला पांढरा कुत्रा निपचित पडला होता.

‘याचं नाव काय?’ बाईंनी विचारले.

‘सेकंदकाटा. एका जागी कधी थांबत नाही म्हणून.’ घड्याळजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ‘चार दिवस झाले, थांबलाय. कातडीला जंतू झाले होते. ती बरी झाली हो, पण उलट्या आणि जुलाब काही थांबेनात. डॉक्टर म्हणतात, मी औषध दुप्पट दिलं. बाई, मी पंचेचाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवतोय. मला पिचकारीवरची रेघ दिसत नाही?’

‘तुम्ही जास्त दिलंत,’ बाई सावकाश म्हणाल्या, ‘आणि मी कमी दिलं. बाटली आणलीत?’

‘आणायला सांगितली होती ना. उरलेलं मोजणार आहेत म्हणे.’

त्यांनी बाटली काढली. बाईंनी आपली तिच्याशेजारी धरली. दोन्हींवर तेच मोत्यासारखे अक्षर, तीच तारीख, तोच शब्द: अर्धी. घड्याळजींची बाटली मूळची मोठी, बाईंची दुसरी, लहान. बाईंच्या बाटलीतले औषध चुन्याच्या निवळीसारखे, घड्याळजींच्या बाटलीतले भिंतीला लावायच्या चुन्यासारखे.

 बाई उठल्या, दोन्ही बाटल्या वीस अंक मोजून हलवल्या आणि बाकांशेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या.

‘याला कुणीही हात लावायचा नाही,’ त्यांनी बाकांकडे वळून सांगितले.

‘शाळा भरली की काय?’ मोठा कुत्रा घेऊन बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला.

‘भरली. तू शेवटच्या बाकावर बसलायस, पण लक्ष इकडं ठेव.’

लोक हसले, आणि मग पाहू लागले. सशाची टोपली घेतलेली एक मुलगी तर कट्ट्याजवळ येऊन उभीच राहिली. दहा मिनिटांत दोन्ही बाटल्यांत वरचे पाणी निवळू लागले. अर्ध्या तासाने घड्याळजींच्या बाटलीच्या तळाशी दोन बोटे जाड पांढरा थर बसला होता. बाईंच्या बाटलीत तो थर नखाच्या कडेएवढा होता.

‘अगं बाई, तुमच्यात औषधच नाही!’ सशाची मालकीण म्हणाली.

‘आणि यांच्यात माझंही आहे,’ बाई म्हणाल्या. आवाज शांत होता; त्यांचे विद्यार्थी या आवाजाला आरडाओरड्यापेक्षा अधिक भीत असत.

तेवढ्यात डॉक्टर दारात आल्या. ‘चौदा नंबर! आजी, या आत.’

‘आधी तुम्ही इकडं या.’

‘आत बोलू ना.’

‘आत नाही. मला खोटं ठरवलंत ते उघड्या दारानं, सगळ्यांच्या कानांवर जाईल असं. आता खरंही इथंच ठरेल.’

डॉक्टर आल्या. त्यांनी दोन थर पाहिले, लेबले पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. औषधाच्या खिडकीमागून कंपाउंडरही बाहेर आला.

‘बाटली कशी अर्धी करतोस?’ बाईंनी त्याला विचारले. ‘पायरी-पायरीनं सांग.’

पन्नाशीचा तो गृहस्थ हात मागे बांधून उभा राहिला. ‘सकाळी आल्यावर पावडरीत उकळून गार केलेलं पाणी घालतो, बाई. रेघेपर्यंत. मग जोरात हलवतो. पण त्याला फेस येतो. फेस असताना माप घेतलं तर वाटे सारखे होत नाहीत. एकावर अन्याय होतो.’

‘म्हणून?’

‘म्हणून फेस बसेपर्यंत फळीवर ठेवतो. तासभर. मग डोळ्याच्या रेषेत धरून, अजिबात न हलवता, वरचं अर्धं दुसऱ्या बाटलीत…’

तो थांबला. त्याची नजर कट्ट्यावर गेली.

‘न हलवता,’ बाई म्हणाल्या.

त्याने तोंडावर हात ठेवला.  ड्रायव्हरचा कुत्रा जिभेने आवाज करीत होता.

‘तुम्हीच शिकवलं होतं, बाई,’ तो अखेर म्हणाला. त्यात उलट आरोप नव्हता. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसे ते वाक्य होते. ‘फेस बसल्याशिवाय माप घ्यायचं नाही. डोळा आणि रेघ एका पातळीत.’

‘ते विरघळलेल्या मिठाच्या पाण्याचं माप होतं. गाळ बसणाऱ्या द्रवाचं पुढच्या धड्यात होतं. आधी ढवळायचं, मग लगेच ओतायचं. तो धडा तू बुडवलास?’

‘तो धडा परीक्षेला नव्हता. तुम्ही घरी वाचायला सांगितला होता.’

बाईंना ते आठवले. वर्षाखेरीची घाई, उरलेले चार तास, फळ्यावर लिहिलेले ते वाक्य: पान अमुकपासून अमुकपर्यंत घरी वाचणे. एकही डोस न चुकवणाऱ्या बाईंनी एक धडा चुकवला होता, आणि वर्गाच्या वहीत त्यापुढे ‘पूर्ण’ अशी खूण केली होती. त्या खुणेची आठवण त्यांना कॅलेंडरच्या कागदापेक्षाही जड वाटली. राग आता आत वळला, आणि आत त्याची धार अधिक लागली.

‘चूक झाली,’ डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. ‘बाटल्या अर्ध्या करतात हे मला माहीत होतं. कशा करतात, ते मी कधी पाहिलं नाही.’

‘चूक पावसासारखी आपोआप पडत नाही, डॉक्टर. यानं केली, तुम्ही केली, आणि फार पूर्वी मी केली. पण आपण तिघं धडधाकट उभे आहोत.’ बाईंनी पिंजऱ्याकडे आणि घड्याळजींच्या मांडीकडे बोट दाखवले. ‘शिक्षा तिथं चाललीय. आणि तुम्ही तर दोन्ही घरांत साक्षीदारालाच आरोपी केलंत. एक म्हणतो बरोबर दिलं, दुसरी म्हणते बरोबर दिलं. दोघंही खोटी, आणि बाटली तेवढी खरी? बाटलीला एक प्रश्न विचारायला काय झालं होतं?’

 डॉक्टरांनी तेथेच, बाकासमोर गुडघे टेकून, सेकंदकाट्याचे पोट तपासले, त्याचे औषध तत्काळ बंद केले आणि त्याला सलाईन लावायला आत पाठवले. हेडमास्तरांच्या जखमेतील पू त्यांनी तपासणीसाठी काचेच्या नळीत घेतला. ‘कमी औषधानं जंतू मरत नाहीत, फक्त सरावतात,’ त्या म्हणाल्या. ‘आता दुसरं औषध देते. पूर्ण, सीलबंद बाटली. जंतू सांध्यापर्यंत पोचले नसतील, तर पाय वाचेल. वचन मात्र देऊ शकत नाही.’

‘वचन मी मागितलंच नव्हतं. विश्वास मागितला होता.’

बाई घरी निघाल्या, पण दारातून परतल्या. ‘अशा अर्ध्या बाटल्या किती घरी गेल्या?’

कंपाउंडर त्याची वही घेऊन आला. टापटिपीचा माणूस; प्रत्येक बाटली कुणाकडे गेली ते त्याने लिहून ठेवले होते. ही दोन सोडून, सहा महिन्यांत सत्तावीस घरे.

‘फोन कर. सगळ्यांना. आत्ता.’

‘बाई, मी… काय सांगू?’

‘आत्ता मला सांगितलंस ते. पायरी-पायरीनं.’

त्या त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. तो एकेक नंबर फिरवू लागला. काहींनी आभार मानले, काहींनी त्याला धारेवर धरले. एकाने तर असा उद्धार केला की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. तो प्रत्येकाला तेच सांगत राहिला: चूक माझी आहे, जनावराला घेऊन या, उरलेली बाटली वापरू नका. एकोणिसाव्या घरी पलीकडच्या बाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हटले, ‘आता कशाला? आमचं पिल्लू गेलं मागच्या महिन्यात. मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं. मी त्याला रोज मोजून देत होते हो.’

कंपाउंडरच्या हातातून फोन निसटला. बाईंनी तो उचलला आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या डॉक्टरांसमोर धरला. ‘हा तुम्ही घ्या.’

डॉक्टरांनी घेतला. ‘तुमचं काही चुकलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. ‘ऐकताय ना? तुमचं काहीही चुकलं नव्हतं.’

त्यानंतरचे आठ फोनही त्यांनीच केले. बाहेर खोळंबलेल्यांपैकी कुणीही नंबर कधी येणार असे विचारले नाही.

निघताना डॉक्टर दारापर्यंत आल्या. ‘आजी…’ त्या अडखळल्या. ‘बाई. तो कॅलेंडरचा कागद देता मला? केसपेपरला लावून ठेवते.’

बाईंनी कागद दिला. क्षमा त्यांनी शब्दांत केली नाही, आणि ती मागितलीही गेली नाही. पण कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी दिला.

घरी चिरंजीव दारातच उभे होते. सूनबाईंनी फोनवर सारे ऐकून त्यांना आधीच सुनावले असावे.  रात्री आठ वाजता जुना टॉवेल हातात घेऊन ते समोर येऊन बसले. ‘मी धरतो,’ म्हणाले.

‘मान वर करू नकोस त्याची. ठसका लागेल. हेडमास्तर आहेत ते, आदरानं धर.’

तीन ओरखडे त्यांनीही निमूट सोसले.

नव्या औषधाच्या चौथ्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी हेडमास्तरांनी मागचा पाय फरशीला टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, आणि मग जणू काही घडलेच नाही अशा तोऱ्यात खुर्चीपर्यंत चालत गेले. औषध अजून उरले होते, आणि बाईंनी ते शेवटच्या डोसपर्यंत पाजले. सेकंदकाटा पुन्हा घड्याळांच्या दुकानात धावू लागल्याचे कळले. दवाखान्यात आता प्रत्येक घराला पूर्ण बाटली मिळते, आणि ती हलवायची कशी हे कंपाउंडर स्वतः, वीस अंक मोठ्याने मोजत, दाखवतो. त्याच्या खिडकीत एका जुन्या पाठ्यपुस्तकाचे उघडे पान चिकटवलेले आहे. ते पुस्तक बाईंनी स्वतः नेऊन दिले, आणि दवाखाना उघडण्यापूर्वी तासभर बसून तो धडा शिकवून पुरा केला.

जे बोलू शकत नाहीत त्यांचे दुखणे हलके होवो. त्यांना पाजणारे हात स्थिर राहोत, आणि त्या हातांचा शब्द ऐकणाऱ्यांना खरा वाटो. ज्यांच्या हातून चुकले त्यांना सांगण्याचे धैर्य लाभो. आणि त्या एकोणिसाव्या घरात, जेथे पिल्लाची रिकामी टोपली अजून कोपऱ्यात असेल, तेथे आजची रात्र शांत झोपेची जावो.